वाळलेला कुंचला

घराला रंग देऊन झाला, भिंती उजळल्या, दारांना आणि खिडक्यांना नवी कांती चढली, की घरातील सर्व माणसे त्या शोभेकडे कौतुकाने पाहत राहतात. ज्या कुंचल्याने ही शोभा आणली त्याची मात्र कोणालाच आठवण राहत नाही. तो रंगाच्या रिकाम्या डब्यात किंवा माळ्यावरच्या अडगळीत पडून असतो. पंधरा दिवसांनी एखादी खुर्ची रंगवावयाची म्हणून त्याला शोधून काढावे, तो त्याचे केस लाकडासारखे ताठ झालेले असतात. शाळेतल्या चित्रकलेच्या पेटीतही पुष्कळदा हेच दृश्य दिसते. मग आपण म्हणतो, "आता याचा काही उपयोग नाही," आणि तो कुंचला कचऱ्यात जातो.

पण तो खरोखरच निरुपयोगी झालेला असतो काय? बहुतेक वेळा तसे नसते. त्याचे केस आत जसेच्या तसे असतात. त्या केसांच्या मधल्या फटींत शिरलेला रंग तेवढा कठीण झालेला असतो. हा रंग केसांना इजा न होऊ देता बाहेर काढता आला, तर कुंचला पुन्हा कामाला लागतो. त्यासाठी लागणाऱ्या वस्तूही दुर्मिळ नाहीत. पाणी, साबण, धुण्याचा सोडा, व्हिनेगर, टाकणखार, स्पिरिट यांपैकी काही आपल्या घरातच सापडतात व बाकीच्या किराणा मालाच्या किंवा रंगाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतात. मात्र कोणत्या कुंचल्याला यांतली कोणती वस्तू लागू पडेल, हे आधी ठरवावे लागते. नाडी न पाहता मात्रा देणारा वैद्य आणि रंग न ओळखता कुंचला भिजत घालणारा मनुष्य, दोघेही सारखेच. म्हणून प्रथम कुंचला कसा असतो व रंग वाळतो म्हणजे काय होते, ते आपण पाहू.

कुंचल्याचे तीन भाग असतात: दांडा, पत्र्याची पट्टी आणि केस. पत्र्याची पट्टी केसांचा जुडगा दांड्याशी घट्ट आवळून धरते. केसांची मुळे या पट्टीच्या आत चिकट द्रव्याने पक्की बसविलेली असतात. दारे-खिडक्या रंगविण्याच्या रुंद कुंचल्यांत डुकराचे राठ केस वापरतात. या केसाचे टोक एकसंध नसते. त्याला दोन-तीन बारीक फाटे फुटलेले असतात. या फाट्यांत रंग धरून राहतो आणि लाकडावर सारखा पसरतो. चित्रकाराच्या नाजूक कुंचल्यांसाठी खारीच्या शेपटीचे केस, किंवा सैबेरियाच्या थंड प्रदेशातील कोलिन्स्की नावाच्या लहानशा प्राण्याच्या शेपटीचे केस घेतात. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात तर वासराच्या कानावरील मऊ केसांच्या कुंचल्याचे वर्णन आले आहे.

आपल्या देशात बारीक कुंचल्यांसाठी मुंगसाचे केसही फार वापरले गेले. त्यापायी असंख्य मुंगसे मारली गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण दिले असून त्याच्या केसांचा व्यापार हा आता गुन्हा आहे. आज नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचे चांगले कुंचले मिळतात, आणि ते वापरणेच इष्ट होय. परंतु कुंचला कोणत्याही केसांचा असो, तो फेकून देऊन दुसरा घेणे म्हणजे नव्या धाग्याची, नव्या लाकडाची आणि नव्या केसांची मागणी करणेच होय.

प्राण्याचा केस आणि आपल्या डोक्यावरील केस एकाच जातीच्या प्रथिनाचे बनलेले असतात. आपली नखेही त्याचीच. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण तिच्यावरून एक सोपा नियम निघतो: जे आपल्या केसांना सोसत नाही, ते कुंचल्याच्या केसांनाही सोसत नाही. उकळते पाणी व तीव्र खार यांनी आपल्या केसांची जी दशा होईल, तीच कुंचल्याचीही होते.

आता रंगाकडे वळू. कोणत्याही रंगात मुख्यतः दोन वस्तू असतात. एक रंगाची पूड, म्हणजे गेरू, काजळी यांसारखी. आणि दुसरी ती पूड पृष्ठभागाला धरून ठेवणारी चिकट वस्तू. या दुसऱ्या वस्तूला आपण बंधक म्हणू. गेरूची तीच पूड डिंकाच्या पाण्यात कालविली तर पाण्याचा रंग होतो आणि जवसाच्या तेलात घोटली तर तेलाचा रंग होतो. कुंचला कडक होतो तो पुडीमुळे नव्हे, तो बंधकामुळे. म्हणून वाळलेला कुंचला हाती घेतला, की त्याचा रंग लाल आहे की निळा हे पाहण्यात अर्थ नाही. त्यातील बंधक कोणता, हे पाहिले पाहिजे.

शाळेत आपण वापरतो ते पाण्याचे रंग बहुधा डिंकात घोटलेले असतात. डिंकातले पाणी उडून गेले की तो कठीण होतो. पण त्याच्या स्वरूपात फरक पडत नाही. गुळाचा पाक ताटलीत वाळला तरी पाणी घालताच जसा पुन्हा विरघळतो, तसाच हा रंगही विरघळतो.

लाकडी सामानाला झळाळी आणणारे फ्रेंच पॉलिश लाखेचे असते. लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहतात आणि आपल्या अंगाभोवती राळेसारखे द्रव्य स्रवतात. तेच शुद्ध केले म्हणजे चपडा लाख मिळते. भारतात लाखेचे सर्वांत मोठे उत्पादन झारखंडात होते, आणि तेथील रांची शहराजवळ १९२४ सालापासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. ही लाख साध्या पाण्यात विरघळत नाही. स्पिरिटमध्ये मात्र सहज विरघळते. स्पिरिट उडून गेले की मागे लाखेचा कठीण थर राहतो, आणि पुन्हा स्पिरिट मिळाले की तो थर परत पातळ होतो. डिंकाचे जे पाण्याशी नाते, तेच लाखेचे स्पिरिटशी.

भिंतींना लावण्याचे प्लॅस्टिक रंग आणि चित्रकारांचे ॲक्रिलिक रंग यांची रीत निराळी आहे. ओले असताना ते पाण्याने धुऊन निघतात. त्यामुळे वाळल्यावरही पाण्यानेच निघतील, अशी पुष्कळांची समजूत होते. परंतु या रंगांत बंधकाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. ते पाण्यात विरघळलेले नसतात. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना खेटतात, दबतात आणि शेवटी मिसळून त्यांचा एकसंध पापुद्रा होतो. मेणाचे बारीक मणी उन्हात ठेवले असता एकमेकांत मिसळावेत, तसाच हा प्रकार. त्या मेणावर मागून कितीही पाणी ओतले, तरी मणी वेगळे होत नाहीत. मात्र स्पिरिटने हा पापुद्रा मऊ पडतो व फुगतो.

चौथा प्रकार तेलाच्या रंगांचा. दारे, खिडक्या, लोखंडी कपाटे यांना लावतात तो ऑइल पेंट याच जातीचा. खोबरेल तेलाचा थेंब काचेवर सोडला तर तो महिनोन्‌महिने तेलकटच राहतो. जवसाच्या तेलाचा थेंब मात्र काही दिवसांत कातड्यासारखा घट्ट होतो. असे का व्हावे? पाण्याप्रमाणे जवसाचे तेल हवेत उडून जात नाही. उलट ते हवेतील प्राणवायू शोषून घेते, आणि त्याचे कण एकमेकांत गुंतून जाळे बनते. काचेच्या तुकड्यावर हे तेल लावून तो तुकडा सूक्ष्म तराजूत तोलला, तर तेल घट्ट होताना त्याचे वजन कमी होण्याऐवजी वाढलेले आढळते. येथे रंग नुसता वाळत नाही. त्याचे एक नवेच द्रव्य बनते.

कुंभाराकडील मडक्याचे उदाहरण घ्या. उन्हात वाळविलेले कच्चे मडके पाण्यात ठेवले तर त्याची पुन्हा माती होते. तेच मडके आव्यात भाजून निघाले, की वर्षभर पाणी भरून ठेवा, ते विरघळत नाही. डिंकाचा आणि लाखेचा रंग हे कच्चे मडके. तेलाचा रंग हे भाजलेले मडके. म्हणूनच ओला तेलरंग टर्पेंटाइनने किंवा रॉकेलने झटकन निघतो, पण महिनाभर वाळलेला कुंचला टर्पेंटाइनमध्ये आठवडाभर बुडवून ठेवला तरी बहुधा ताठच राहतो. पुष्कळ लोक येथेच निराश होऊन कुंचला फेकून देतात.

कुंचल्यावर कोणता रंग वाळला आहे हे ठाऊक नसेल, तर ते ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. प्रथम केसांची टोके कोमट पाण्यात दहा मिनिटे धरावी. पाण्यात रंग उतरू लागला, तर तो डिंकाचा. न उतरल्यास कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून केसांवर घासावा. थर चटकन विरघळून बोळ्याला चिकट तपकिरी डाग पडला, तर ती लाख समजावी. थर मऊ होऊन रंग बोळ्यावर उतरला, तर तो प्लॅस्टिक किंवा ॲक्रिलिक रंग. आणि बोळा जवळजवळ स्वच्छच राहिला, तर तो तेलाचा रंग असण्याचा संभव फार. घराच्या भिंतीवरील जुना रंग कोणता हे पाहण्यासाठी अनुभवी रंगारीही स्पिरिटच्या बोळ्याची हीच युक्ती वापरतात.

निदान झाल्यावर आता उपचार पाहू. हे सर्व उपचार वडील माणसांच्या देखरेखीखालीच करावयाचे आहेत.

डिंकाच्या रंगाने कडक झालेला कुंचला कोमट पाण्यात आडवा ठेवावा आणि तासाभराने साबणाने धुवावा. याहून अधिक काही करावे लागत नाही.

लाखेच्या कुंचल्याला दोन मार्ग आहेत. पहिला स्पिरिटचा. लहान तोंडाच्या काचेच्या बरणीत केस बुडतील एवढेच स्पिरिट घेऊन त्यात कुंचला काही तास ठेवावा व बरणीचे तोंड झाकावे. दुसरा मार्ग टाकणखाराचा. सोनार दागिन्याला डाग देताना जो वापरतो, तोच हा खार. लाख साध्या पाण्यात विरघळत नसली, तरी टाकणखार घातलेल्या गरम पाण्यात विरघळते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात टाकणखार विरघळवून त्यात कुंचला भिजत ठेवला व अधूनमधून हलविला, की लाख हळूहळू सुटते. या रीतीत पेट घेणारे द्रव्य नाही, हा तिचा मोठा लाभ. मात्र टाकणखार पोटात जाणे अपायकारक असल्यामुळे भांडे स्वयंपाकाचे नसावे.

प्लॅस्टिक रंगाच्या कुंचल्यालाही स्पिरिटमध्येच भिजत ठेवावे. परंतु येथे रंग विरघळून जाईल अशी अपेक्षा करू नये. तो फुगून मऊ होतो, इतकेच. तीन-चार तासांनी कुंचला बाहेर काढून जुन्या फणीने केस विंचरावे. फणी नेहमी पत्र्याच्या पट्टीकडून टोकाकडे फिरवावी. उलट फिरविल्यास केस मुळातून उपटतात. जेवढा रंग सुटेल तेवढा पुसून पुन्हा भिजत ठेवावे. दोन-तीन वेळा असे केले म्हणजे केस मोकळे होतात.

व्हिनेगरचा उपाय पाश्चात्त्य देशांतील घरांतून फार दिवसांपासून चालत आला आहे. व्हिनेगर म्हणजे पाण्यात सुमारे ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असलेले द्रव. ते भांड्यात तापवावे, उकळी येण्यापूर्वीच विस्तवावरून उतरवून थोडे निवू द्यावे आणि मग त्यात कुंचला अर्धा-एक तास ठेवावा. ऊब आणि आम्ल यांच्या योगाने प्लॅस्टिक रंगाची केसांवरील पकड ढिली होते व तो विंचरून काढता येतो. थर पातळ असेल तर हा उपाय चांगला लागू पडतो. जाड गोळा झाला असेल तर मात्र यश येईलच असे नाही.

सर्वांत कठीण काम तेलाच्या रंगाचे. त्याला स्पिरिट फारसे दाद देत नाही, टर्पेंटाइनही देत नाही. मग त्यावर इलाज कोणता? तेल आणि खार एकत्र आले म्हणजे साबण तयार होतो, हे तुम्हांला ठाऊक असेल. खोबरेल तेल आणि खार यांपासून साबण करण्याचा उद्योग पुष्कळ ठिकाणी चालतो. वाळलेल्या रंगातही मूळचे तेलच रूपांतर पावून राहिलेले असते. त्याला खाराची गाठ घालून दिली, तर त्यातील काही अंशाचा साबण होतो आणि थराची बांधणी मोडते. जो रंग कुंचल्याला जखडून बसला होता, त्याचाच थोडा साबण होऊन तो पाण्याबरोबर निघून जातो!

यासाठी धुण्याचा सोडा वापरावा. अर्धा लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे सोडा विरघळवून तो काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घ्यावा. ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, कारण खार त्या धातूला खातो. पाणी हाताला सोसेल इतके निवाल्यावर त्यात केस बुडवून ठेवावे आणि दर तासाला पाहत जावे. केसांच्या बाहेरचा रंग मऊ होऊ लागला, की फणीने विंचरावे व ताजे द्रावण घ्यावे. जुना कुंचला मोकळा होण्यास अर्धा दिवसही लागतो. येथे घाई उपयोगाची नाही. द्रावण अधिक तीव्र केले तर काम लवकर होईल असे वाटते खरे, पण सोडा रंगाला जसा मऊ करतो तसाच केसालाही दुबळा करीत असतो. म्हणून डुकराच्या राठ केसांना आणि नायलॉनला हा उपाय चालतो. खारीच्या किंवा कोलिन्स्कीच्या नाजूक केसांना तो करू नये. नायलॉनच्या कुंचल्यासाठीही पाणी फार गरम नसावे, नाही तर त्याचे धागे वाकडे होतात व तसेच राहतात.

धुण्याच्या सोड्याऐवजी कॉस्टिक सोडा वापरण्याचा मोह कोणी करू नये. मोरीत अडकलेले केस विरघळवून टाकण्यासाठी जी द्रव्ये विकत मिळतात, त्यांत पुष्कळदा तोच असतो. यावरून कुंचल्याचे काय होईल ते उघड आहे. शिवाय त्याने कातडी भाजते आणि डोळ्यांत उडाल्यास दृष्टी जाण्याचे भय असते.

आणखी एक चुकीची समजूत येथे दूर केली पाहिजे. व्हिनेगर रंग काढते आणि सोडाही काढतो. तेव्हा दोन्ही एकत्र केल्यास दुप्पट गुण येईल, असे काहींना वाटते. दोन्ही मिसळताच फसफसून फेस येतो, त्यामुळे तर ही समजूत अधिकच दृढ होते. पण तो फेस कर्बवायूचा असतो. आम्ल आणि खार एकमेकांना नाहीसे करतात आणि हाती राहते ते बहुतेक निरुपयोगी खारट पाणी. दोन पहिलवान आपसांतच झुंजून थकले, तर कामाला कोण राहणार? व्हिनेगरचा उपयोग खुबीने करावयाचा तर तो शेवटी करावा. सोड्याने मोकळा झालेला कुंचला स्वच्छ पाण्याने धुतल्यावर, थोडेसे व्हिनेगर घातलेल्या पाण्यातून एकदा काढावा. म्हणजे केसांत राहिलेला खार निघून जातो व केसांना इजा होत नाही.

केस मोकळे झाले, तरी उपचार संपला असे समजू नये. ओला साबण तळहातावर घ्यावा आणि केस त्यावर हलकेच गोल फिरवावे. फेसात रंगाची छटा दिसेनाशी होईपर्यंत हे करीत राहावे. पत्र्याच्या पट्टीजवळचा भाग बोटांनी दाबून विशेष तपासावा. कुंचला मरतो तो टोकाकडून नव्हे, या मुळाकडून. तेथे थोडा जरी रंग राहिला, तरी तो केसांना पाचरीसारखा फाकवितो आणि कुंचला झाडूसारखा विस्कटतो. नंतर पाणी निथळून केस बोटांनी सारखे करावे, त्यांभोवती स्वच्छ कागदाची घडी गुंडाळून दोरा बांधावा आणि कुंचला सावलीत आडवा वाळू द्यावा. ओला कुंचला केस वर करून उभा ठेवल्यास पाणी पट्टीत उतरते, लाकूड फुगते व पट्टी सैल होते.

या साऱ्या खटपटीत सावधगिरी हवीच. स्पिरिट, टर्पेंटाइन आणि रॉकेल ही चटकन पेट घेणारी द्रव्ये आहेत. ती हाताळताना जवळ चूल, गॅस, निरांजन किंवा उदबत्ती असता कामा नये. काम मोकळ्या हवेत करावे व हातांत रबरी मोजे घालावे. पॉलिशचे स्पिरिट विषारी असते. ते पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. घरातील निरनिराळी औषधी पाणी एकमेकांत मिसळू नयेत. व्हिनेगर आणि कपडे शुभ्र करण्याचे ब्लीच एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकणेही धोक्याचे आहे. प्राणवायू शोषताना तेल तापते, ती उष्णता बोळ्यातून बाहेर पडत नाही आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. अशा चिंध्या पाण्यात भिजवाव्या किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवाव्या.

जुना तेलरंग कोरडा खरवडू नये, हेही महत्त्वाचे. पूर्वीच्या पुष्कळ रंगांत शिशाची संयुगे असत, आणि शिशाची धूळ मुलांच्या मेंदूला अपाय करते. घरगुती रंगांत दर दशलक्ष भागांत ९० पेक्षा अधिक भाग शिसे असू नये, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला व तो पुढच्या वर्षापासून लागू झाला. त्याआधीचा रंग लागलेला कुंचला असेल, तर तो मुलांनी हाताळूच नये.

इतके करूनही काही कुंचले पूर्वपदावर येत नाहीत. केसांची टोके झिजून त्यांचे फाटे नाहीसे झाले असतील, किंवा मुळाशी रंगाचा दगड झाला असेल, तर त्याला नवे तारुण्य देता येत नाही. असा कुंचला पतंगाला खळ लावण्यास, सायकलची साखळी पुसण्यास किंवा पुस्तकांच्या कपाटातील धूळ झाडण्यास ठेवावा.

रंग कसा वाळतो हे कळले, की कुंचला मुळात वाळूच नये यासाठी काय करावे, हेही आपोआप कळते. प्लॅस्टिक रंगाचे कण पाणी उडून जाताच जुळतात. म्हणून तो कुंचला ओला असतानाच पाण्याने धुवावा. तेलाचा रंग प्राणवायूमुळे घट्ट होतो. म्हणून उद्या पुन्हा लागणारा कुंचला कसबी रंगारी रात्रभर पाण्यात टांगून ठेवतात. पाण्याखाली हवा फारशी पोहोचत नाही आणि रंग ओला राहतो. मात्र केस भांड्याच्या तळाला टेकू देत नाहीत, नाही तर ते वाकतात. काम संपल्यावर प्रथम कागदावर रंग पुसून टाकावा, मग थोड्या टर्पेंटाइनमध्ये कुंचला दोन वेळा खळबळावा आणि शेवटी साबणाने धुवावा. वापरलेले टर्पेंटाइन मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. बाटलीत ठेवले की रंगाची पूड तळाशी बसते. वरचे निवळ टर्पेंटाइन पुढच्या वेळी उपयोगी पडते. रंगात कुंचला बुडवितानाही केसांच्या निम्म्याहून अधिक भाग बुडवू नये, म्हणजे रंग मुळापर्यंत चढत नाही.

पेणच्या कारखान्यांत गणेशमूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालते, तेव्हा साऱ्या मूर्तीचा भाव एका बारीक कुंचल्याच्या टोकावर अवलंबून असतो. त्या टोकाचे दोन केस जरी विस्कटले, तरी रेषा बिघडते. दुकानांच्या पाट्या रंगविणारा कारागीर असो, की मोठमोठ्या पटांवर चित्रे काढणारा चित्रकार, प्रत्येकाला दिवस संपताना पाच-दहा मिनिटे आपल्या कुंचल्यासाठी राखून ठेवावी लागतात. ओल्या कुंचल्याला जे काम पाच मिनिटांत होते, त्यालाच वाळलेल्या कुंचल्यासाठी अर्धा दिवस लागतो. पुढच्या वेळी चित्र पुरे झाले की ते भिंतीवर लावण्यापूर्वी आपला कुंचला हाती घ्या, त्याच्या मुळाशी बोट दाबून पाहा, आणि रंग दिसला तर तो वाळण्यापूर्वीच धुऊन टाका.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कुंचला रंगाच्या पुडीमुळे कडक होत नाही, असे लेखात का म्हटले आहे?
(आ) तेलाच्या रंगाला 'भाजलेले मडके' असे का म्हटले आहे?
(इ) व्हिनेगर आणि सोडा एकत्र केल्याने अधिक गुण का येत नाही?

२. कारणे द्या.
(अ) ओला कुंचला केस वर करून उभा ठेवू नये.
(आ) तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये.
(इ) तेलरंगाचा कुंचला रंगारी रात्रभर पाण्यात टांगून ठेवतात.

३. पुढील वाक्प्रचार आपल्या वाक्यांत योजा: दाद न देणे, लागू पडणे, पूर्वपदावर येणे.

४. काचेच्या दोन तुकड्यांवर एकेक थेंब खोबरेल तेल व जवसाचे तेल लावा. आठ दिवस रोज निरीक्षण करा आणि जे आढळेल ते दिनांकवार वहीत लिहा.